धुऱ्यावरची वाट

येळवस तोंडावर आलेली आणि घरचा कर्ता पुरुष गाडीत बसून हवा खायला गेला, असलं वागणं सावित्रम्मानं सासरी काय, माहेरी खजुरीतसुद्धा बघितलं नव्हतं. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला मोठमोठे साहेब बिदर-कलबुर्गीहून रजा टाकून शेतात येतात, कडब्याच्या कोपीपुढं मांडी घालतात आणि मडक्यातली आंबील पितात. ह्याचं शेत तर गावाला चिकटून. आणि हा पुरसभेचा, म्हणजे नगरपालिकेचा, मेंबर हैदराबादकडच्या कुठल्या तरी हॉटेलात जाऊन बसलेला, वर फोन बंद.

“फोन त्येनी न्हाई बंद केला, अत्ती,” उमादेवी म्हणाली. सून आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवत होती, कोपरापर्यंत हात भरलेला. “समद्या मेंबरांचे काढून घेतलेत. अध्यक्षाची निवडनूक हुईपर्यंत. दुसऱ्या पार्टीनं फोडू नये म्हनून.”

“फोडायला हे काय नारळ हायत?”

उमादेवी हसली नाही. तिनं पिठातली गाठ बोटांनी दाबून मोडली.

“येळवसला चर कोन शिंपनार ते सांग,” सावित्रम्मा म्हणाली. “आंबिलीचं मडकं घेऊन शेताला येढा कोन घालनार? हॉटेलवाला?”

तिला तिखट बोलायला कारण लागत नसे, पण या वेळी होतं. तिचा लेक चन्नवीर राजकारणात उतरला तो चांगल्या तोंडानं. जवानीत त्यानं बस स्टँडवरच्या हॉटेलात मांगवाड्याच्या माणसांसाठी वेगळे ठेवलेले गिलास उचलून रस्त्यावर फोडले. बसवण्णांच्या गावापासून आपण हाकेच्या अंतरावर राहतो आणि गिलास वेगळे ठेवतो, असं त्यानं तिथंच बाकड्यावर उभं राहून सुनावलं. पहिल्या निवडणुकीत त्याला त्याच्याच जातीनं पाडलं. पुढच्या खेपेला मांगवाड्यानं निवडून आणलं. मग त्यानं वाड्यात नळ आणले, झाडूवाल्यांना बूट आणि हातमोजे मिळावेत म्हणून पुरसभेच्या दारात उपाशी बसला, बसव जयंतीला अख्ख्या वाड्याची पंगत स्वतःच्या अंगणात बसवली. सावित्रम्मानं त्या दिवशी कुरकुरत का होईना, पुरणाची कणीक स्वतः तिंबली होती. घरानं जेवायला बोलावलं म्हटल्यावर कणीक कमी पडून चालत नाही, एवढं तिला कळत होतं. बाकीचं समानतेचं वगैरे तो बघून घेईल.

नंतर त्यानं ओढ्यावर बंधारा आणला. तेव्हा एवढे हार पडले की मेंबरचं नाक दिसेना. गावाच्या विहिरींना पाणी आलं ते खरं. पण बंधाऱ्याची दारं टाकली की हिवाळाभर पाणी मागं फुगायचं आणि खालच्या पांदीत शिरायचं. मांगवाड्याची मयत त्याच पांदीतून माळावर जायची. माणसं कंबरेएवढ्या पाण्यातून तिरडी खांद्याच्या वर धरून जायला लागली. मागच्या हिवाळ्यात एक म्हातारा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बांधून न्यावा लागला. ट्यूब मध्येच फिरली. त्याचं तोंड पाण्यात गेलं आणि मेलेल्या माणसाला बुडताना बघून बायकांनी तोंडात पदर कोंबले. सावित्रम्मा तेव्हा हरभऱ्यात उभी होती. तिनं बघितलं आणि पुन्हा खाली वाकली.

ह्या निवडणुकीत मग मेंबरनं वाड्यात माईक हातात घेऊन शब्द दिला. बंधारा मी आणला, वाट बी मीच देतो. माझ्या शेताच्या वरच्या धुऱ्यावरून, बांधावरून, सरळ माळापर्यंत. निवडून आलो की पुरसभेत पहिला ठराव हाच. भोंगा शेतापर्यंत ऐकू येत होता. सावित्रम्मानं खुरपं हातातच धरून ऐकलं. पहाणीवर, जमिनीच्या उताऱ्यावर, नाव तिचं आणि वाट देणार हा. रात्री जेवताना तिनं त्याला विचारलं होतं, “धुरा तुझ्या बापानं मोडून तूर पेरली, तुला म्हाईत हाय का? वाट कुठून देनार, तुरीच्या डोक्यावरनं?” तो हसून म्हणाला होता, “तू नगं म्हनशीलच, अव्वा.”

“नगंच,” ती म्हणाली होती. पण शब्द तर माईकवरून गेला होता.

*

कोपी उभी करायला नरसिंगची बायको काशाबाई आली. नरसिंग पुरसभेत झाडूवाला, आणि काशाबाई सावित्रम्माच्या शेतात बारमाही रोजंदारीला. दोघींनी मिळून तुरीच्या कडेला जागा साफ केली, कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवल्या, वर शेंडे आवळून बांधले. काशाबाईचे हात चालत होते पण डोळे गावाकडं.

“तुझी सासू कशी हाय?” सावित्रम्मानं विचारलं.

“तोंड उघडं टाकलंय. पानी आत जाईना. कालपसनं श्वास नुसता गळ्यात घरघर करायलाय.” काशाबाईनं सुंभाची गाठ दातांनी ओढली. “मेंबरसाब कवा येनार, अम्मा?”

“त्येचं तुला काय?”

“ठराव झाला असता तर बरं झालं असतं. म्हातारी निस्तं पांदीकडं बघायली. मला पान्यातनं नेऊ नका, म्हनायली.”

“मरताना मानूस काय बी बोलतंय.”

“व्हय, बोलतंय,” काशाबाई म्हणाली. “बोलून मरतंय, मागं आमाला करावं लागतंय.”

सावित्रम्मानं विळ्यानं कडब्याची बुडं छाटायला घेतली. असं तोंडावर बोलणारी बाई तिला आवडायची नाही, आणि न बोलणारी कामाची वाटायची नाही. थोड्या वेळानं वाड्यातून हाक आली तशी काशाबाई अर्धी कोपी सोडून पळत गेली. बाकीची सावित्रम्मानं एकटीनं बांधली. एका बाजूला कलली. तिनं ती तशीच ठेवली.

*

संध्याकाळी फोन आला, कुणाच्या तरी दुसऱ्याच नंबरवरून. उमादेवीनं तो मोठ्या आवाजावर टाकून चुलीपुढं आणून धरला, कारण सासूचे हात भज्जीच्या मिसळभाजीसाठी निवडलेल्या तुरीच्या शेंगांत होते.

“अव्वा, मी उपाध्यक्ष व्हायलोय.”

“घरी कवा यायलास?”

“निवडनूक झाली की लगेच. ऐक. अमृतप्पाचे मेंबर आपल्या बाजूला आलेत. त्येचं म्हननं एवढंच हाय की धुऱ्यावरच्या वाटंचा ठराव आनायचा न्हाई. धुरा जिथं माळाला लागतो तिथं त्येनं प्लॉट पाडलेत. प्लॉटपुढनं रोज मयत जायली तर घेनार कोन?”

“रोज कामून मरतील? एवढी मानसं न्हाईत वाड्यात.”

“अव्वा, तुला कळना. उपाध्यक्ष झालो की मला लै काही करता येतंय. बायांसाठी संडास, वाड्यात वाचनालय. एक वाट मागं ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपेला बघू.”

“नरसिंगला काय सांगनार?”

पलीकडं ताटांचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं हसलेलं. चन्नवीर जरा बाजूला गेला असावा, कारण त्याचा आवाज खाली आला.

“सांगितलंय त्येला. पहानी तुझ्या नावावर हाय. तू आधीपसनं नगंच म्हनायलीस. म्हनून आई तयार न्हाई, असं सांगितलं. त्येला पटलं बी. जुनी मानसं, इचार जुने, म्हनला.”

“कोन म्हनला? त्यो का तू?”

पलीकडं पुन्हा ताटं वाजली.

“चन्नवीर.”

“तुझं काय जायलंय ह्यात, अव्वा? तुला कुठं मत मागायला जायाचंय?”

फोन बंद झाला. उमादेवी पडद्याकडं बघत उभी राहिली. सावित्रम्मा शेंगा सोलत राहिली, पण दाणे टोपल्यात आणि टरफलं पातेल्यात पडायला लागली तेव्हा उमादेवीनं पातेलं हळूच बाजूला ओढलं.

“तुमी नगं म्हनला होता की, अत्ती,” ती जपून म्हणाली. “ते खोटं न्हाई.”

“खोटं कोन म्हनायलंय? मी नगं म्हनले ते माझ्या तोंडानं. घरात, त्येच्या ताटापुढं. ते उचलून न्हेऊन त्येनं बाजारात मांडायचं न्हवतं.” तिनं पातेल्यातलं टरफल वेचून चुलीत टाकलं. “लोकाला देताना ह्यो मोठा. न्हाई म्हनताना मी म्हातारी.”

*

येळवसच्या दिवशी सकाळपासून शिवार माणसांनी भरलं होतं. ह्या शेतातून त्या शेतात हाका जात होत्या, जेवायला या म्हणून. त्या दिवशी बांधावर आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कुणी परत धाडत नाही. औतं उभी असतात, बैल मोकळे असतात, पिकाला विळा लावत नाहीत. कोपीत पाच दगड पांडव म्हणून चुना-काव लावून मांडलेले, त्यांच्यापुढं आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे. धाकटा दीर महादेवप्पा पंचा खांद्यावर टाकून आला होता. पुतण्या नाही म्हटल्यावर चर त्यालाच शिंपायची होती आणि तो मान मिळाल्यासारखा पुन्हापुन्हा मडक्याकडं बघत होता.

पूजा अर्धी झाली तेव्हा हलगी ऐकू आली.

ती गावाकडून येत होती, आणि येळवसची नव्हती. आवाज रस्त्यानं चढत आला, शेताच्या कोपऱ्याशी पोचला आणि थांबला. शेजारच्या शेतातल्या हाकासुद्धा थांबल्या.

धुऱ्याच्या टोकाला नरसिंग उभा होता. अंगावर पुरसभेचा खाकी शर्ट, पाय अनवाणी. मागं रस्त्यावर तिरडी, तिच्याभोवती वाडा. काशाबाई डोक्यावरून पदर घेऊन खाली बसलेली.

“आई गेली, अम्मा. पहाटं.”

“कळलं हलगीवरनं.”

“आमी पांदीतनंच जायलोय. गडी मानसं पान्यात उतरतील. बायांना तेवढं तुमच्या धुऱ्यावर थांबू द्या. थंडी लै हाय, आन् एकजन पोटुशी हाय.” तो पाय न हलवता बोलत होता. धुऱ्याची माती त्याच्या अंगठ्यापासून वीतभर पुढं सुरू होत होती. “सनाच्या दिवशी आलो, राग धरू नका.”

“वाटंला माझी ना हाय म्हनून तुला कोन सांगितलं?”

नरसिंगनं मान वर केली नाही. “मेंबरसाबचा फोन आलता.”

“आन् तू मला इचारलास?”

“तुमाला कसं इचारावं, अम्मा.”

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. शिवी दिली असती तर तिनं परत दिली असती. हा माणूस शिवी देत नव्हता, तक्रार करत नव्हता. मेंबर खरं बोलला असंच धरून चालला होता, आणि ते धरायला त्याला काही जड गेलं नव्हतं.

महादेवप्पा मागून जवळ आला. “वैनी,” तो हळू म्हणाला, “अजून चर शिंपली न्हाई. आंबील शिंपायच्या आधी शेतातनं मयत गेली तर वर्षभर…”

“वर्षभर काय?”

“तुमाला म्हाईत हाय.”

तिला माहीत होतं. सासूनं तिला हे सगळं सांगितलं होतं आणि तिनं ते कधी मोडलं नव्हतं. शेत पिकलं नाही तर मेंबरच्या भाषणावर घर चालत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं कोपीकडं बघितलं, पाच दगडांकडं बघितलं. ते काही बोलणार नव्हते.

कोपीच्या कडेला कडबा छाटलेला विळा पडला होता. तिनं तो उचलला.

“वैनी, आज विळा लावत न्हाईत.”

“तुमी जेवायला बसा.”

धुऱ्यावर तूर छातीएवढी होती, हिरव्या शेंगांनी लवलेली. बुडं बोटाएवढी जाड आणि चिवट. तिनं एका हातानं ताट मुरगळून धरलं आणि दुसऱ्यानं विळा ओढला. पहिल्या ओढीत सालच निघालं. दुसऱ्या ओढीत ताट तुटलं आणि शेंगा तिच्या तोंडावर आपटल्या. तिनं ते बाजूला टाकून पुढचं धरलं.

नरसिंग पुढं झाला. “द्या, मी कापतो.”

“तू खांदा दे. तूर माझी हाय, मी कापते.”

थोडं अंतर गेल्यावर तिला धाप लागली. तेव्हा उमादेवी लुगड्याचा काष्टा आवळत आली आणि कापलेली ताटं ओढून कडेला लावायला लागली. मग कोपीतला कोयता घेऊन ती दुसऱ्या ओळीला भिडली. शेजारच्या शेतांतली माणसं उभी राहून बघत होती. कुणी मदतीला आलं नाही, कुणी नावं ठेवायलाही जवळ आलं नाही. दोन बायका वाकून तूर तोडत चालल्या आणि मागं तिरडीला दोन्हीकडून खांदा देऊन चालता येईल एवढी वाट उघडी पडत गेली. सावित्रम्माच्या तळहाताला फोड येऊन फुटला, विळ्याची मूठ निसरडी झाली. तिनं पदराचं टोक मुठीला गुंडाळलं.

माळ लागला तशी ती बाजूला, कापलेल्या तुरीत उभी राहिली.

“आना,” ती म्हणाली. “सरळ चाला. ज्वारी तुडवू नका.”

हलगी वाजली नाही. माणसं मुकाट्यानं आली. तिरडी तिच्यापुढून गेली तेव्हा कापडाबाहेर आलेली म्हातारीची टाच तिला दिसली. भेगा पडलेली, भेगांत कोकमाचं तेल भरलेलं. ह्या टाचेमागं ती नवी नवरी असताना पहिल्यांदा खुरपायला बसली होती. ह्या रतनाबाईनंच तिला खुरपं धरायला शिकवलं होतं आणि “सावकारीण हात कापून घेशील” म्हणून हसली होती. सावित्रम्मानं पदर नाकाला लावला होता तो काढला.

काशाबाई शेवटी आली. ती थांबली.

“जा,” सावित्रम्मा म्हणाली. “येताना बी हिकडूनच या. पान्यात उतरायची गरज न्हाई.”

ती कोपीशी परतली तेव्हा महादेवप्पाचं ताट कोरं होतं. तो न जेवता निघून गेला होता. येळवसला घरचं माणूस शेतातून उपाशी गेलं, हेसुद्धा त्या घरात पहिल्यांदाच झालं.

“आता चर कोन शिंपनार, अत्ती?” उमादेवीनं विचारलं. तिच्या हातांवर तुरीचा चिकट रस वाळला होता.

“तुला काय पाय न्हाईत?”

उमादेवीनं हात लुगड्याला पुसले. मग मडकं कडेवर घेतलं आणि येळवसची आरोळी देत, आंबील शिंपडत, शेताला वेढा घालायला निघाली. पहिली आरोळी कोपीपाशीच राहिली. दुसरी शेजारच्या शेतापर्यंत गेली.

*

निवडणूक होऊन चन्नवीर आला तो सरळ शेतातच, उघड्या जीपमधून. गळ्यात हार, कपाळापासून शर्टापर्यंत गुलाल. बरोबर कार्यकर्ते. त्या दिवशी रतनाबाईचा तिसरा होता. वाड्याची माणसं दूध घेऊन धुऱ्यावरून माळाकडं चालली होती. सावित्रम्मा सालगडी गुरुलिंगकडून वाटेच्या दोन्ही कडांना दगड पुरून घेत होती, म्हणजे पेरणीच्या वेळी औत चुकून आत यायला नको.

“खोल पूर,” ती त्याला सांगत होती. “हालला न्हाई पायजे.”

चन्नवीर खाली उतरून पाया पडला. त्याचा चेहरा खरंच उजळला होता. त्याला हे आवडलं होतं, त्यात ढोंग नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

“अव्वा, तू केलीस ते कुनाला जमलं नसतं. समद्या तालुक्यात चर्चा चालू हाय.”

एक कार्यकर्ता फोन उगारून म्हणाला, “अण्णा, वाटंवर उभा ऱ्हावा. मागं वाड्याची मानसं येऊ द्या. व्हिडिओ काढतो.”

चन्नवीरनं हार सारखा केला आणि वाटेवर जाऊन उभा राहिला. नरसिंग दुधाचा तांब्या धरून त्याच्या मागं अडकला, पुढं जावं की थांबावं ते त्याला कळेना. व्हिडिओ निघाला. मग चन्नवीर आईजवळ आला आणि दगडाकडं बघत हळू आवाजात बोलायला लागला.

“एकच कर. दगड आता पुरू नको. अमृतप्पाचा सकाळपसनं फोन यायलाय. कुनी इचारलं तर त्या दिवसापुरतं दिलं म्हन. मयत दारात आली, मानुसकी म्हनून दिलं. वाड्याला बी बरं वाटंल, त्येला बी. मी दोन्हीकडं सांभाळून घेतो.”

गुरुलिंगची पहार हातातच थांबली. सावित्रम्मानं तळहातावरची चिंधी सोडली, पुन्हा आवळून बांधली. मग ती सरळ उभी राहिली आणि हळू बोललीच नाही. धुऱ्यावरची माणसं, जीपमधली माणसं, सगळ्यांना ऐकू गेलं.

“पूर रे, गुरुलिंग. थांबू नको.” मग ती लेकाकडं वळली. “चन्नवीर, तू लबाड न्हाईस. लबाड असतास तर तुझ्यासंगं भांडले असते. तू आडवलास ते पानी, त्ये ह्येंच्या वाटंवर फुगवलास. वाट दिलास ती माझ्या तुरीतनं दिलास. आन् न्हाई म्हनायची पाळी आली, तवा ते बी माझ्याच तोंडानं म्हनलास. एवढी वर्सं मेंबर हाईस, पर तुझ्याजवळ तुझं असं एक ‘व्हय’ न्हाई का एक ‘न्हाई’ न्हाई. जा, उपाध्यक्ष हो, अध्यक्ष हो. ह्या घराचा शब्द मातूर आजपसनं मी देनार, आन् माझ्यामागं उमा दील. तू इचारून बोलायचं.”